सासूबाईंचं सोडियम १२२, आणि घरात मिठावरून दोन तट

मलप्रभाकाठ (खानापूर)

नमस्कार मंडळी. हा धागा आरोग्य विभागात टाकावा की कौटुंबिक कलहात, कळेना, म्हणून इथंच टाकते.

सासूबाई एकाहत्तरीच्या. बीपीची गोळी बरीच वर्षं चालू आहे. दिवाळीनंतर ती बदलून टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन एकत्र असलेली दिली. त्याच सुमारास कुणीतरी मोबाईलवर पाठवलं की किडनी साफ राहायला रोज चार लिटर पाणी प्यावं. त्या हट्टाच्या पक्क्या, पाण्याचा तांब्या कायम उशाशी. जेवण मात्र चिमणीएवढं. सकाळी चहा-बटर, दुपारी पेज, रात्री परत पेज. बीपीच्या भीतीनं मीठ जवळजवळ सोडलेलंच.

मध्यंतरी चालताना झोक जायला लागला. मग एका दुपारी गोठ्यातल्या म्हशीला माझ्या नणंदेच्या नावानं हाका मारायला लागल्या (नणंदेला अजून सांगितलेलं नाही). बेळगावला नेलं. सोडियम १२२, पोटॅशियम ३.१, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) ठीक. तीन टक्के मिठाचं सलाईन अगदी सावकाश लावलं, गोळी बदलली, आता बऱ्या आहेत. घरी सोडताना सांगितलं, दिवसाला लिटरभरच पाणी.

आता थोरल्या जाऊबाई म्हणतात, सोडियम कमी म्हणजे मीठ कमी, त्या पेजेतसुद्धा मुठीनं मीठ घालतायत. सासरे म्हणतात, डॉक्टर मिठाबद्दल काही बोललेच नाहीत, पाण्याबद्दल बोलले. डॉक्टर चांगले होते, पण राउंडवर उभ्या उभ्या किती सांगणार? मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्हीत सांगितलं आणि आम्हाला तिन्हीतलं थोडं थोडं कळलं.

कुणी नीट समजावून सांगेल का? सोडियम कमी असताना पाणी का तोडलं?

येळ्ळूरचे आबा

सूनबाई, यात समजावण्यासारखं काय की? सोडियम कमी, मीठ द्या. तुमच्या जाऊबाई शहाण्या आहेत. फक्त बाजारचं आयोडीनवालं मीठ नको, सैंधव द्या. सैंधवात सोडियम नसतं, किडनीला सोसतं.

चिकोडीचा गण्या

आबा, थांबा जरा. सोडियम कमी पडलं म्हणून मीठ द्यायचं, आणि ज्यात सोडियमच नाही ते मीठ द्यायचं? 😄

येळ्ळूरचे आबा

गण्या, तुला प्रत्येक धाग्यात बोलायलाच पाहिजे काय?

निपाणीचा मास्तर

आबा, रागावू नका, पण सैंधवही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच असतं. रंग येतो तो चिमूटभर इतर खनिजांचा. उपवासाला चालतं ते ठीक, पण बीपीला चालतं म्हणून चमचा वाढवणारे माझ्या ओळखीत आहेत.

मलप्रभाकाठ, सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. ते बरोबर आहेत.

रिपोर्टवरचा सोडियमचा आकडा अंगात मीठ किती साठलंय ते सांगत नाही. रक्तातल्या एक लिटर द्रवात सोडियम किती, एवढंच सांगतो. नेहमीची मर्यादा १३५ ते १४५ मिलिमोल. हा भागाकार आहे, वर मीठ आणि खाली पाणी. वरचं कमी झालं तर आकडा उतरतो, आणि वरचं तसंच राहून खालचं पाणी वाढलं तरीही उतरतो. हृदय थकून पाय सुजलेल्या माणसाच्या अंगात मीठ खच्चून भरलेलं असतं, तरी त्याचा रिपोर्ट १२८ येऊ शकतो. त्याला आकडा बघून मीठ चारलं तर सूज वाढून दम लागेल.

शरीरही या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजतं. रक्त किती दाट आहे ते मेंदूतला हायपोथॅलॅमस बघतो. दाट झालं की तहान लागते आणि एडीएच हे संप्रेरक सुटतं, किडनी पाणी धरून ठेवते. पातळ झालं की एडीएच थांबतं आणि भरपूर पाण्यासारखी लघवी होते. मिठाचा एकूण साठा मात्र रक्तवाहिन्या किती भरलेल्या आहेत त्यावरून ठरतो. दाब उतरला किंवा किडनीतल्या बारीक नळीतून मीठ कमी वाहायला लागलं की किडनी रेनिन सोडते. टिगरस्टेट आणि बर्गमन यांनी स्टॉकहोममध्ये सशांच्या किडनीच्या अर्कातून ते १८९८ साली शोधलं. रेनिनमुळे अँजिओटेन्सिन बनतं, त्याच्या सांगण्यावरून किडनीच्या डोक्यावर बसलेली अधिवृक्क ग्रंथी अल्डोस्टेरॉन सोडते, आणि अल्डोस्टेरॉन किडनीला मीठ राखायला लावतं.

आता किडनी काम कसं करते ते बघा. दोन्ही मिळून रोज साधारण १८० लिटर द्रव गाळतात. त्यातलं सोडियम मिठाच्या हिशोबात धरलं तर जवळपास दीड किलो मीठ होतं. रोजच्या रोज! आपण खाणार फार तर दहा ग्रॅम. म्हणजे गाळलेल्यातलं ९९ टक्क्यांहून जास्त परत घ्यावंच लागतं. सुरुवातीच्या नळीत दोन तृतीयांश परत येतं, हेन्लेच्या पाशात (नळीच्या वळणात) पाव हिस्सा, त्यापुढच्या आखूड तुकड्यात पाच-सात टक्के आणि शेवटच्या संग्राहक नळीत उरलेले दोन-चार टक्के. सगळं राजकारण या शेवटच्या दोन टप्प्यांत चालतं. बीपीच्या बऱ्याच गोळ्यांचा परिणामही शेवटी तिथंच दिसतो.

क्लोरथॅलिडोन ही पाण्याची गोळी, म्हणजे लघवी वाढवणारी. ते त्या पाच-सात टक्क्यांच्या तुकड्यात काम करतं. या तुकड्याची खासियत अशी, की तो मीठ परत घेतो पण पाणी घेत नाही. म्हणून लघवी पातळ होते. तिथं मीठ घेणं अडवलं की किडनीला पुरेशी पातळ लघवीच करता येत नाही. जादा प्यायलेलं पाणी आत अडकतं. वय झालेल्या, बारीक अंगाच्या बायकांमध्ये या जातीच्या गोळ्यांनी सोडियम उतरतं, हे डॉक्टर लोकांना चांगलं माहीत असतं.

त्यात पेज. याकडे कुणी लक्ष देत नाही. किडनीला नुसतं पाणी बाहेर टाकता येत नाही, त्याच्यासोबत काहीतरी विरघळलेलं जावंच लागतं, म्हणजे क्षार आणि प्रथिनांपासून झालेला युरिया. नेहमीच्या जेवणातून असं द्रव्य रोज ६०० ते ९०० मिलिऑस्मोल (विरघळलेल्या कणांचं माप) तयार होतं. निरोगी तरुण किडनी लघवी लिटरला ५० इतकी पातळ करू शकते. ६०० भागिले ५०, म्हणजे बारा लिटर पाणी सहज निघून जाईल. आता चहा-बटर आणि पेजेवर समजा २५० च होतात, आणि वय अधिक गोळी यामुळे लघवी २०० च्या खाली पातळ होत नाही असं धरा. २५० भागिले २००. सव्वा लिटर. हे आकडे मी हिशोबापुरते धरलेत, तुमच्या सासूबाईंचे मोजलेले नव्हेत. पण त्या पीत होत्या चार लिटर.

म्हणून पाणी तोडलं.

मलप्रभाकाठ (खानापूर)

मास्तर, काय सांगू! पेजेबद्दल आम्हाला कुणीच बोललं नव्हतं. उलट "हलकं खाऊ दे" म्हणून आम्हीच देत होतो. आज हे सगळं सासऱ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. जाऊबाई आत भाकरी थापत होत्या, थापायचा आवाज वाढला.

दोन शंका. सलाईन इतकं हळू का लावलं? आम्हाला वाटलं, नर्स विसरली. आणि पोटॅशियम का उतरलं?

निपाणीचा मास्तर

हळू लावलं ते मुद्दाम. सोडियम बऱ्याच दिवसांत हळूहळू उतरलेलं असलं की मेंदूच्या पेशी आपल्या आतले क्षार बाहेर टाकून त्या पातळ रक्ताशी जुळवून घेतात. मग एकदम वर चढवलं तर मेंदूतल्या तंतूंवरचं आवरण खराब होऊ शकतं, माणूस आडवा पडतो. म्हणून २४ तासांत आठ-दहापेक्षा जास्त चढू द्यायचं नाही, असं पाळतात. घरी मुठीनं मीठ घालून हा खेळ करू नये तो यासाठीही.

पोटॅशियमबद्दल जेवून लिहितो. ते जास्त मजेदार आहे.

संपादक मंडळ

सर्वांना विनंती: माहिती द्या, अनुभव सांगा, पण कुणाची गोळी चालू-बंद करण्याचा सल्ला देऊ नका. आबा, सैंधवाचा प्रतिसाद ठेवला आहे, कारण खालचं उत्तर त्यावाचून कळणार नाही.

निपाणीचा मास्तर

जेवलो. तर पोटॅशियम.

सोडियम पेशींच्या बाहेर राहतं, पोटॅशियम आत. अंगातलं ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं. प्रत्येक पेशीच्या भिंतीवर एक पंप आहे, तो तीन सोडियम बाहेर काढतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो, जिवंत असेपर्यंत अखंड. डेन्मार्कच्या येन्स स्कौ यांनी तो १९५७ साली दाखवला, तेही खेकड्याच्या पायांतल्या नसांवर काम करताना. त्यासाठी १९९७ ला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, चाळीस वर्षांनी. (आपल्याकडं खेकड्याच्या पायाचा रस्सा होतो, तोही वाईट नसतो.)

बाहेर उरलं किती? पेशींबाहेरचा द्रव साधारण १४ लिटर, त्यात लिटरला चार मिलिमोल. झाले ५६. एवढ्याशा पोटॅशियमवर हृदयाचे ठोके अवलंबून. आणि दिवसाच्या चांगल्या जेवणातून येतं ७० ते १००! म्हणजे एका दिवसाचं अन्न बाहेरच्या सगळ्या साठ्याहून मोठं. जेवल्यावर इन्शुलिन ते तात्पुरतं पेशींत ढकलतं, आणि मग काही तासांत किडनी सावकाश बाहेर काढते.

सोडियम किडनी गाळते आणि परत घेते. पोटॅशियमही आधी बहुतेक सगळं परत घेते, पण शेवटच्या नळीत जाणूनबुजून बाहेर सोडते. लघवीत दिसतं ते मुख्यतः हे सोडलेलं. सोडायची रीत अशी: संग्राहक नळीतली पेशी सोडियम आत ओढते, त्याचा धन भार आत गेल्यानं नळीच्या पोकळीत ऋण भार उरतो, आणि त्या ओढीनं पोटॅशियम पेशीतून नळीत उतरतं.

चिकोडीचा गण्या

म्हणजे सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर एक गाडी इकडं सोडली की एक तिकडं, तसं?

निपाणीचा मास्तर

जवळपास तसं. फक्त इथं वादावादी न होता गाड्या सुटतात.

किती पोटॅशियम जाईल हे तीन गोष्टी ठरवतात: तिथपर्यंत सोडियम किती पोचलं, प्रवाहाला जोर किती, आणि अल्डोस्टेरॉन किती. क्लोरथॅलिडोन वरच्या तुकड्यात सोडियम परत घेऊ देत नाही, म्हणून ते खाली लोंढ्यानं येतं. पाणी निघून गेल्यानं अल्डोस्टेरॉनही चढतं. मग पोटॅशियम धडाधड जातं. सासूबाईंचं ३.१ त्यातून. फ्रुसेमाइड, म्हणजे पाय सुजल्यावर देतात ती पाण्याची गोळी, हेन्लेच्या पाशात तेच करते. उलट टेल्मिसार्टन, रामिप्रिल या गोळ्यांनी अल्डोस्टेरॉन कमी होतं, आणि स्पायरोनोलॅक्टोन तर त्याच्या जागेवरच जाऊन बसतं. त्यांनी पोटॅशियम वर जातं. जोडगोळीत एक खाली ओढणारी आणि एक वर ढकलणारी असते ती काही प्रमाणात यामुळेही. सासूबाईंच्या बाबतीत खाली ओढणारी जिंकली, कारण पेजेत पोटॅशियमही नावालाच.

आता मला यात खरी गंमत वाटते ती सांगतो. अल्डोस्टेरॉन दोन वेगळ्या प्रसंगी वाढतं. जुलाब-उलट्यांनी अंगातलं मीठ-पाणी गेलं की वाढतं. आणि पोटॅशियम जास्त खाल्लं की, पाण्याची काही कमतरता नसतानाही, वाढतं. संप्रेरक एकच. पण पहिल्या वेळी किडनीनं मीठ राखायचं आणि पोटॅशियम फुकट घालवायचं नाही, दुसऱ्या वेळी पोटॅशियम बाहेर काढायचं. तिला कसं कळतं कुठली वेळ आहे?

उत्तर त्याच आखूड तुकड्यात आहे, क्लोरथॅलिडोन बसतं तिथं. अंगातलं पाणी गेलं की अल्डोस्टेरॉनसोबत अँजिओटेन्सिनही वाढलेलं असतं. ते या तुकड्यातला मीठ घेणारा दरवाजा सताड उघडतं. सगळं सोडियम तिथंच उचललं जातं, खाली फारसं पोचत नाही, म्हणून अल्डोस्टेरॉन कितीही असलं तरी पोटॅशियम जात नाही. पोटॅशियम खाल्लं असेल तर उलट. रक्तात ते जरा वाढलं की हाच दरवाजा लवकर बंद होतो, सोडियम खाली वाहून येतं, आणि तिथं अल्डोस्टेरॉन तयारच असतं. पोटॅशियम निघून जातं.

आणि जाता जाता थोडं मीठही जातं. म्हणजे भाज्या-फळं भरपूर खाणाऱ्याची किडनी स्वतःच थोडीशी पाण्याची गोळी घेतल्यासारखी वागते. पालेभाजीनं बीपी उतरतं त्यामागे हे एक कारण आहे. नुसतं "मीठ कमी खा" म्हणणाऱ्यांनी "भाजी वाढवा" हेही तेवढ्याच जोरात म्हणायला पाहिजे, असं माझं मत. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ सांगते ते सगळ्यांना पाठ असतं. तीच संघटना किमान साडेतीन ग्रॅम पोटॅशियमही सांगते, ते कुणाला माहीत नसतं.

कडोलीचा रताळेवाला

मास्तर, वाचून बरं वाटलं. पण बाजारात कुणीतरी उठवलंय की रताळ्यात पोटॅशियम आहे, किडनी जाते. शिवरात्रीच्या तोंडावर असलं ऐकलं की आमचं काळीज हलतं ओ. खरं काय ते एकदा लिहा.

रात्रपाळी (डायलिसिस टेक्निशियन)

मी लिहितो, हा रोजचाच विषय आहे.

रताळ्यानं किडनी जात नाही. ज्यांची किडनी चांगली आहे त्यांनी कडोलीची रताळी खुशाल खावीत, वर मास्तरांनी सांगितलंच. अडचण आहे ती किडनी आधीच गेलेल्यांची.

उपवासाचं एक ताट मांडून बघू. उकडलेली रताळी पाव किलोला थोडी कमी: साडेसहाशे-सातशे मिलिग्रॅम पोटॅशियम. मूठ-दीड मूठ शेंगदाणे: साडेतीनशे. एक केळं: चारशे. "अशक्तपणा येऊ नये" म्हणून एक शहाळं: सहाशेच्या आसपास. झाले दोन हजार. मिलिमोलमध्ये पन्नासच्या वर. म्हणजे मास्तरांनी वर जे ५६ सांगितले ना, पेशींबाहेरचं अख्खं पोटॅशियम, जवळपास तेवढं एका ताटात. चांगली किडनी संध्याकाळपर्यंत निकाल लावते. डायलिसिसवरच्या माणसाला दिवसभरासाठी सांगितलेली मर्यादा बऱ्याचदा दोन-अडीच हजारच असते, आणि त्याच्याकडं बाहेर काढायला फक्त थोडं आतडं उरलेलं असतं. तेही किडनी बंद पडल्यावर जास्त काम करतं, पण किती करणार?

त्यात उपवास, म्हणून ताटात भात-भाकरी नाही. मधुमेहवाल्यानं इन्शुलिन टाळलेलं. म्हणजे पोटॅशियम पेशीत ढकलणाराही रजेवर.

आठवड्यातून तीनदा डायलिसिस असेल तर एक मधली सुट्टी मोठी पडते, सोमवार-बुधवार-शुक्रवारवाल्याला शनिवार-रविवार. त्या सुट्टीच्या शेवटी पोटॅशियम सगळ्यात वर असतं. सण नेमका तिथं आला की सोमवारी सकाळी पेशंट "पाय भरून आलेत, उठवत नाही" म्हणत येतो, आणि ईसीजीवर टी लाट टोकदार उभी असते, पोटॅशियम वाढल्याची खूण. बऱ्याच जणांना तर काहीच जाणवत नाही. हे जास्त वाईट.

अगदी खायचंच असेल तर: साल काढा, पातळ काप करा, भरपूर पाण्यात उकळा आणि ते पाणी ओतून द्या. पोटॅशियम बरंच निघून जातं. वाफेवर किंवा चुलीत भाजलं तर सगळं आतच राहतं. चव भाजलेल्यालाच असते, हे मलाही माहीत आहे. शहाळं मात्र नाहीच.

कडोलीचा रताळेवाला

पाणी ओतून दिलेलं रताळं! बघवणार नाही. पण समजलं. गिऱ्हाईकाला सांगतो, किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरला विचारा म्हणून.

अथणीचा ऊसवाला

आमच्याकडं उन्हात काम करणाऱ्यांना मीठ जास्त लागतं म्हणतात. खरं काय? मार्चमध्ये तोडणी चालू असली की बाई-माणसं घामानं न्हाऊन निघतात.

निपाणीचा मास्तर

घामात मीठ जातं, पण घाम रक्ताच्या मानानं बराच कमी खारट असतो. उन्हाची सवय झालेल्याचा आणखी कमी, कारण अल्डोस्टेरॉन घामाच्या ग्रंथींतही मीठ राखतं. जेवणात भाकरी, आमटी, ठेचा असेल तर बहुतेकांचं भागतं. दिवसभर नुसतं पाणी ढोसून जेवण टाळणं हे वाईट. ताकात मीठ घालून न्या, किंवा जुलाब लागले असतील तर ओआरएस. त्यात सोडियम ७५ आणि पोटॅशियम २० असं दोन्ही मोजून घातलेलं असतं.

भजनी नंदगड

वाचतोय केव्हापासून. माझं उलटं प्रकरण. बीपी वाढलेलं, पाण्याची गोळी चालू नाही, तरी पोटॅशियम २.९. पायांत गोळे यायचे, जिना चढवेना. बऱ्याच तपासण्या झाल्या. शेवटी एका डॉक्टरांनी विचारलं, तोंडात काय चघळता? मी सप्ताहात आणि एरवीही गळ्यासाठी ज्येष्ठमधाची काडी सतत गालात ठेवतो. ती बंद करायला लावली. काही आठवड्यांनी पोटॅशियमही वर आलं आणि बीपीही उतरलं. का, ते मास्तरच सांगतील.

निपाणीचा मास्तर

वा, उत्तम उदाहरण. अल्डोस्टेरॉनची खुर्ची अशी आहे, की तिच्यावर कॉर्टिसॉल हे दुसरं संप्रेरकही बसू शकतं, आणि कॉर्टिसॉल रक्तात कितीतरी पटीनं जास्त असतं. म्हणून किडनीच्या त्या पेशींत एक विकर (एन्झाइम) असतं, ते कॉर्टिसॉल आल्या आल्या निकामी करतं. ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन नेमकं त्या विकराला अडवतं. मग कॉर्टिसॉल खुर्चीवर बसतं आणि किडनीला वाटतं अल्डोस्टेरॉनच बोलतंय. मीठ राखलं जातं, पोटॅशियम जातं, बीपी चढतं. कीर्तनापुरती एखादी काडी ठीक, रोज दिवसभर नको.

ज्येष्ठमध नाही, गोळी नाही, तरी बीपी जास्त आणि पोटॅशियम कमी असेल तर अधिवृक्क ग्रंथीवर गाठ आहे का ते बघतात. जेरोम कॉन यांनी १९५५ साली हा आजार सांगितला. रेनिन आणि अल्डोस्टेरॉन दोन्ही मोजलं की कळतं.

टिळकवाडीची वहिनी

आमच्या ह्यांना बीपी आहे. दुकानदारानं "लो सोडियम" मीठ दिलंय, महाग आहे. ते घ्यावं का?

रात्रपाळी (डायलिसिस टेक्निशियन)

वहिनी, त्या मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. पाकिटाच्या मागं बारीक अक्षरात असतं, बघा. चीनमध्ये ६०० गावांत जवळपास २१ हजार लोकांवर मोठा अभ्यास झाला, २०२१ मध्ये छापून आला. पाव भाग पोटॅशियम क्लोराइड असलेल्या मिठानं पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. २०२५ च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेनंही प्रौढांना नेहमीच्या मिठाऐवजी हे वापरायला सुचवलं, पण किडनीचा आजार असणाऱ्यांना वगळून.

तेव्हा आधी ह्यांचं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघून घ्या, आणि बीपीची गोळी कुठली ते डॉक्टरांना दाखवून विचारा. टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन चालू, गुडघ्यासाठी मधूनमधून डायक्लोफेनॅक, आणि वर हे मीठ, असं तिन्ही एकत्र आलेलं मी वॉर्डात पाहिलंय. वेदनाशामक गोळीनं रेनिनही उतरतं आणि किडनीकडचा रक्तपुरवठाही. तिघांचा ओढा एकाच बाजूला.

टिळकवाडीची वहिनी

अगोबाई. गुडघ्याची गोळी तर मीच देते मेडिकलमधून आणून. विचारते उद्या.

मलप्रभाकाठ (खानापूर)

सगळ्यांचे आभार. आज परत रक्त दिलं. सोडियम १३४. पण पोटॅशियम ६.१ आलंय! नवीन गोळी पोटॅशियम वाढवणारी नाही, असं डॉक्टर बोलले होते. फोन लागत नाही. सासूबाई निवांत बसून शेंगा सोलतायत. काय करू?

लॅबवाला

ताई, रक्त कुठं काढलं आणि मशीन कुठं होतं?

मलप्रभाकाठ (खानापूर)

काढलं गावातच, सकाळी सातला. शीर सापडत नव्हती, बराच वेळ पट्टा बांधून मूठ उघड-मीट करायला लावली. सॅम्पल दुपारच्या गाडीनं बेळगावला गेलं, रिपोर्ट आत्ता आला.

लॅबवाला

मग आकडा खोटा असण्याची शक्यता बरीच आहे. वर मास्तरांनी सांगितलंय, ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत. रक्तपेशीही त्यातच आल्या. पट्टा घट्ट बांधून मूठ आवळत राहिलं की स्नायूंतून पोटॅशियम सुटतं. बारीक सुईनं जोरात ओढलं की तांबड्या पेशी फुटतात. आणि मशीनमध्ये फिरवून पेशी वेगळ्या न केलेली नळी तशीच तासन्तास राहिली की पेशींमधलं हळूहळू बाहेर झिरपतं. फ्रिजमध्ये ठेवली तर आणखी वाईट, कारण थंडीत तो पंप मंदावतो. चांगली लॅब अशा रिपोर्टखाली "हिमोलाइज्ड" (पेशी फुटलेलं) असा शेरा मारते, तो आहे का बघा. नसला तरी शंका राहतेच.

पण हे माझं तुम्हाला धीर देण्यापुरतं. आकडा खोटा आहे हे घरी बसून ठरवायचं नाही. ६.१ म्हटल्यावर आजच जवळच्या दवाखान्यात न्या. आधी ईसीजी काढायला सांगा, दहा मिनिटांचं काम. दुसरं सॅम्पल मूठ न आवळता, पट्टा लवकर सोडून काढायला सांगा, आणि ते जिथं लगेच फिरवतात तिथंच द्या. चालू गोळ्यांची पट्टी सोबत ठेवा. ईसीजी बिघडलेला दिसला तर ते दुसऱ्या रिपोर्टची वाट न बघता उपचार सुरू करतील.